तुरीचे खोड चिरून पाहा

ऑक्टोबर-नोव्हेंबरात लातूर जिल्ह्यातल्या अहमदपूरच्या शिवारात तुरीचे एखादे झाड अर्धे वाळलेले आणि अर्धे हिरवे उभे असते. एका अंगाच्या फांद्यांची पाने लोंबलेली, पिवळी. दुसऱ्या अंगाला फुलोरा. जमिनीत ओल आहे. शेजारचे झाड टवटवीत आहे. बियाणे एक, खत एक, पेरा एकाच दिवसाचा. तरी एकाच झाडाचे एक अंग तहानेने मरते आणि दुसरे फुलते.

याचे उत्तर खोडात आहे आणि ते उघड्या डोळ्यांना दिसते. वाळत्या फांदीखालचा बुंधा विळ्याने उभा चिरावा. सालीखालच्या पांढुरक्या लाकडात काळपट तपकिरी रेघा सापडतात. मुळाकडून निघालेल्या, वर त्या वाळलेल्या फांदीच्या दिशेने गेलेल्या. हिरव्या अंगाचे लाकूड स्वच्छ असते. हा तुरीचा मर रोग. त्या रेघा म्हणजे बंद पडलेल्या जलवाहिन्या. हे पाहायला सूक्ष्मदर्शक लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही, पैसेही लागत नाहीत.

झाडाच्या रचनेचा याहून स्पष्ट पाठ कुठल्याही पुस्तकात नाही. हा पाठ ज्या तालुक्यात बांधावर फुकट मिळतो, तिथली विज्ञान शाखेची मुले तो न पाहताच अकरावी-बारावी ओलांडतात. आमचे म्हणणे एवढ्या एका गोष्टीबद्दल आहे.

या मुलांना काय येते ते आधी पाहू. या जलवाहिन्या ज्या ऊतीत असतात ते झायलेम म्हणजे काय, असे विचारा. उत्तर एका दमात येते. त्याचे चार घटक येतात. त्यांतला जिवंत कोणता आणि मेलेले कोणते, तेही येते. द्विदल खोडात वाहिन्यांचे जुडगे वर्तुळात मांडलेले असतात आणि एकदल खोडात विखुरलेले, हेही पाठ असते. पण द्विदल म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे सूर्यफूल येते आणि एकदल म्हटले की मका. पुस्तकातली आकृती सूर्यफुलाची आणि मक्याची असते. प्रयोगशाळेच्या कपाटातल्या तयार काचपट्ट्याही त्याच दोघांच्या. त्या विकत आणलेल्या असतात. खिडकीबाहेर तूर आणि ज्वारी उभी असते. तूर द्विदल आहे, ज्वारी एकदल आहे. दोन्ही मुलांच्या घरच्या आहेत. टेबलावर मात्र त्या येत नाहीत.

सूर्यफुलाच्या काचपट्टीत चूक काहीच नाही. पण ती काचपट्टी निरोगी खोडाची, रंगवलेली, कायमची बंद केलेली असते. ती पाहून मुलाला रचना कळते, काम कळत नाही. काम कळते ते बिघडल्यावर. वाळलेली तूर हे बिघडलेले काम दाखवते. म्हणून ती पाहायला हवी.

काय बिघडते ते नीट समजून घेण्यासारखे आहे. जलवाहिनीच्या पेशी वाढतात, आपल्या भिंती लिग्निनने कठीण करतात आणि मरतात. मेल्यावरच त्या कामाला येतात. आतले जिवंत द्रव्य नाहीसे होते, एकमेकींना टेकलेल्या टोकांच्या भिंती विरतात आणि मुळापासून पानाच्या शिरेपर्यंत पोकळ वाट तयार होते. दिवसा पाणी या वाटेने चढते ते मुख्यतः ओढीने. पर्णरंध्रांतून वाफ उडते आणि तिच्यामागे पाण्याचा सलग स्तंभ वर सरकतो. ही ओढ इतकी जोराची असते की भिंत कठीण नसती तर नळी आतल्या आत दबली असती. माणसाच्या उंचीची, कधी त्याहून उंच तूर अशीच पाणी पिते. कुठेही पंप नाही. सगळी मदार वाट मोकळी असण्यावर.

मरीची बुरशी तीच वाट धरते. तिचे नाव फ्युजॅरियम उडम. बिहारमधल्या पुसा येथे काम करणाऱ्या ई. जे. बटलर यांनी 1910 मध्ये तिचे वर्णन केले. म्हणजे शंभराहून अधिक वर्षे झाली. ती जमिनीत राहते, बारीक मुळांतून शिरते, जलवाहिनीत पोहोचते आणि पाण्याबरोबर वर चढते. तिचे तंतू नळीत माजतात. झाडही स्वस्थ बसत नाही. नळीशेजारच्या जिवंत पेशी आत डिंकासारखा पदार्थ सोडून बुरशीची वाट अडवतात. पण त्याच वाटेने पाणीही येत असते. बुरशी अडते, तसे पाणीही अडते. एका अंगाच्या मुळातून लागण झाली की त्या अंगाच्या नळ्या बुजतात आणि त्या नळ्यांवर जगणारी फांदी वाळते. अर्धे झाड वाळते ते यामुळे. पुढे लागण पसरली की उरलेले अर्धेही जाते.

हे ज्याला कळले तो मर लागलेल्या तुरीच्या पानांवर फवारणी करणार नाही. शेतकऱ्याचा पैसा इथे वाया जातो. कार्बेन्डाझिमसारखे आंतरप्रवाही बुरशीनाशक झाडात पाण्याच्या प्रवाहाबरोबर सरकते. तो प्रवाह मुळाकडून पानाकडे जातो. पानावर मारलेले औषध पानाच्या कडेकडे जाईल, मुळाकडे उतरणार नाही. रोग मुळात आहे, औषध शेंड्यावर आहे आणि मधली वाट एकतर्फी आहे. तीही बुजलेली. पंपभर औषध, मजुरी आणि एक दिवस खर्ची पडतो. झाड वाळायचे ते वाळतेच. हा साधा हिशोब झायलेमच्या व्याख्येतून सरळ निघतो. ती व्याख्या घरातल्या मुलाला पाठ आहे. हिशोब मात्र कोणी मांडत नाही, कारण व्याख्या आणि शेत यांची गाठ त्याला कोणी घालून दिलेली नाही.

शिवाय वाळलेली प्रत्येक तूर या बुरशीने वाळलेली नसते. काळ्या भारी जमिनीत पाणी साचले की मातीतली हवा संपते. मुळाच्या पेशींनाही श्वास घ्यावा लागतो. हवा मिळाली नाही की त्या पाणी ओढण्याचे काम सोडतात आणि पाण्यात उभे असलेले झाड पाण्यावाचून सुकते. 2025 च्या अतिवृष्टीत मराठवाड्याने असली शेते पाहिली. अशा झाडाचे खोड चिरले तर सुरुवातीला लाकडात काळी रेघ दिसत नाही. फायटोप्थोरा या दुसऱ्या रोगकारकाच्या करप्यात बुंध्यावर बाहेरूनच तपकिरी-काळा, खोलगट चट्टा दिसतो आणि झाड बऱ्याचदा तिथेच मोडते. तीन कारणे, तीन वेगळ्या खुणा. वरून पाहणाऱ्याला मात्र तिन्ही झाडे सारखीच माना टाकलेली दिसतात.

उपायही वेगवेगळे. पाणी साचत असेल तर चर काढावा, सरी-वरंब्यावर पेरावे. करप्यालाही पाण्याचा निचरा हवाच. पण रेघ काळी निघाली तर प्रश्न त्या जमिनीचा आहे. ही बुरशी रोगट मुळांवर आणि धसकटांवर सुमारे तीन वर्षे टिकते. त्या वावरात पुढच्या वर्षी तूर नको. किंवा मरीला टिकणारे वाण हवे. बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्रातून आलेली बीएसएमआर 736 आणि बीडीएन 711 ही वाणे याच कामासाठी आहेत. ज्वारीच्या संगतीत तुरीची मर कमी राहते, हे पाटणचेरूच्या इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय पीक संशोधन संस्थेतल्या प्रयोगांत दिसले आहे. तूर-ज्वारीची जोडी मराठवाड्याला नवी नाही. सोयाबीन आले आणि ज्वारीचा पेरा आटला. सोयाबीन घ्यायचे की ज्वारी, हे बाजार ठरवतो. पण मर लागलेल्या वावरापुरता निर्णय वेगळा घेता येतो. त्यासाठी मर आहे की आणखी काही, हे आधी कळायला हवे. जूनमधला बियाण्याचा निर्णय नोव्हेंबरात चिरलेल्या खोडावर ठरायला हवा. आज तो दुकानाच्या काउंटरवर ठरतो.

आता पुस्तकाचे पाहू. 2022 मध्ये एनसीईआरटीने विद्यार्थ्यांवरचा भार हलका करण्यासाठी पुस्तके छाटली. अकरावीच्या जीवशास्त्रातून वनस्पतींमधील वहन आणि खनिज पोषण ही दोन प्रकरणे मुळासकट गेली. रचनेच्या प्रकरणातून खोडाच्या दुय्यम वाढीचा भाग गेला. ऑक्टोबर 2023 मध्ये राष्ट्रीय आयुर्विज्ञान आयोगाने 2024 च्या नीटचा, म्हणजे वैद्यकीय प्रवेशपरीक्षेचा, अभ्यासक्रम जाहीर केला. त्यातही वहन आणि खनिज पोषण नव्हते.

काय गेले ते अहमदपुरातून पाहावे. वहन म्हणजे तुरीची मर. खनिज पोषण म्हणजे सोयाबीनच्या मुळांवरच्या गाठी आणि चुनखडीच्या जमिनीत लोह न मिळाल्याने शिरा हिरव्या ठेवून पिवळे पडणारे कोवळे पान. दुय्यम वाढ म्हणजे तुराटी. जूनमध्ये नखाने तुटणारे रोप जानेवारीत कुऱ्हाड मागते, कारण सालीखालचा एधा, म्हणजे नव्या पेशी घडवणारा थर, महिनोन्‌महिने आतल्या अंगाला लाकूड रचत राहतो. त्याच तुराट्यांचे कूड आणि कुंपणे या भागात पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली. ज्वारीच्या खोडात असा एधा नाही. म्हणून कडब्याची तुराटी होत नाही. छाटणी करणाऱ्यांना हे भाग जड वाटले. इथल्या घरांत ते रोज हाताखालून जातात.

राज्य मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात वनस्पती आणि पाणी यांचे प्रकरण आहे, खनिज पोषणही आहे. म्हणजे शिकवायला आधार आहे. पण प्रवेशपरीक्षेच्या तयारीभोवती बांधलेल्या लातूर पॅटर्नच्या छायेत पुस्तकातल्या प्रकरणाचे वजन गुण ठरवतात. नीटच्या 720 पैकी 360 गुण एकट्या जीवशास्त्राला आहेत. त्या 360 गुणांत जे नाही त्याला वेळ मिळत नाही. प्रात्यक्षिकाच्या तासाला तर मुळीच नाही. मुले दिवसाला शेकडो बहुपर्यायी प्रश्न सोडवतात. विळा आणि खोड हातात घेऊन एक निदान करायला मात्र वर्षातली दहा मिनिटे निघत नाहीत.

ही मुले डॉक्टर होणार आहेत, त्यांना तूर कशाला, असे कोणी म्हणेल. 2024 मध्ये नीटला 23 लाखांवर मुले बसली. देशात एमबीबीएसच्या जागा तेव्हा एक लाखाच्या थोड्या वर होत्या. उरलेली मुले कुठे जातात? कोणी कृषी पदवीला, कोणी फार्मसीला, कोणी शिक्षक होते, कोणी गावी परत येते. त्यांच्या दोन वर्षांच्या कष्टातून गावाला काही मिळावे, ही मागणी मोठी नाही. आणि ज्यांना एमबीबीएस मिळते, त्यांनाही हा पाठ वायफळ नाही. कुठला अवयव निकामी झाला हे बाहेरून दिसते. कुठली वाट बंद झाली हे आत पाहिल्यावर कळते. ही सवय आधी तुरीवर लागली तर बिघडले कुठे?

शेतकऱ्याला हे सगळे माहीतच आहे, असेही म्हटले जाते. मर शेतकऱ्याला माहीत आहे, यात शंका नाही. वाळलेले झाड उपटून बांधावर टाकणारे अनुभवी हात गावोगावी आहेत. पण खोड चिरून कारण वेगळे करणारे हात थोडे आहेत. ते काम शास्त्र शिकलेल्याने करायचे असते. शास्त्र शिकलेले मूल घरातच आहे. त्याचे ज्ञान आणि वडिलांचे वावर यांच्यात अंतर आहे ते एका विळ्याचे.

हे अंतर मिटवायला योजना नको, निधी नको, समितीही नको. शिक्षकाने मुलांना सांगावे, घरच्या शिवारातून तुरीची दोन खोडे आणा, एक निरोगी आणि एक वाळते. वाळते खोड प्लास्टिकच्या पिशवीत बंद करून आणावे आणि काम झाल्यावर जाळून टाकावे. धसकट दुसऱ्याच्या बांधावर फेकले तर रोगही तिथे जातो. दोन्ही खोडे उभी चिरून शेजारी ठेवावीत. निरोगी झाडाच्या कोवळ्या शेंड्याचा पातळ काप धारदार पात्याने घ्यावा आणि सॅफ्रॅनिनच्या थेंबात बुडवावा. लिग्निनच्या भिंती लाल होतात. सूर्यफुलाच्या काचपट्टीत जे वर्तुळ दिसते तेच तुरीत दिसते, आणि ते मुलाने स्वतः कापलेले असते. शेजारी ज्वारीच्या ताटाचा काप ठेवावा. एकदल आणि द्विदल यांतला फरक मग पाठ करावा लागत नाही. एक हिरवी आणि एक मान टाकू लागलेली फांदी लाल शाईच्या पाण्यात उभी करून शाई कुठवर चढते ते मुलांनीच मोजावे. त्यांचे आकडे वहीत लिहून घ्यावेत.

तास दोनच लागतात. तुरीचे वेळापत्रकही कॉलेजच्या बाजूचे आहे. मर डोळ्यांत भरते ती फुलोरा आणि शेंगा धरण्याच्या काळात, म्हणजे नेमकी कॉलेजचे वर्ग भरात असताना. मुलांनी घरी जाऊन वडिलांसमोर पुन्हा खोड चिरले तर पुढच्या पेरणीचा विचार तिथेच सुरू होतो. कृषी खात्याने घेतलेल्या मेळाव्यापेक्षा हे अधिक दूर पोहोचेल, असे आम्हांला वाटते. मेळाव्यात ऐकलेले विसरते. आपल्या वावरात, आपल्या मुलाने दाखवलेली काळी रेघ विसरत नाही.

एनसीईआरटीने प्रकरणे वगळली, आयोगाने ती परीक्षेतून काढली. त्याबद्दल जरूर बोलावे, पण त्यांची वाट पाहू नये. रोगट खोड वर्गात आणायला दिल्लीची परवानगी लागत नाही. अकरावीची परीक्षा कनिष्ठ महाविद्यालय स्वतः घेते. तिच्या प्रात्यक्षिकात कोणते खोड ठेवायचे, हे अहमदपूरच्या शिक्षकांच्या हातात आहे. या हंगामापासून तिथे सूर्यफुलाच्या काचपट्टीशेजारी चिरलेली तूर ठेवावी. ही का वाळली, एवढा एकच प्रश्न विचारावा आणि त्याला गुण द्यावेत. इथे गुण दिल्याशिवाय काही शिकले जात नाही, हे आपण सगळ्यांनी मिळून घडवले आहे. तर मग ते गुण तुरीलाही द्यावेत. ज्याला ती रेघ ओळखता आली नाही, त्याला झायलेम कळले असे धरू नये. मग बाकीची उत्तरे कितीही बिनचूक असोत.